तोर्दिशोला कोणी हाक मारली?

शीतगृहाचं दार उघडलं आणि वजनं नोंदवणारी निबिया किंचाळली. मांसाच्या कारखान्यात रक्ताचं कुणाला कौतुक? पण हे रक्त वाफाळत होतं, आणि आत टांगलेली गुरं तर कालची होती.

बैलांच्या धडांमध्ये यानिना बेंतानकोर पडली होती. गळा या कानापासून त्या कानापर्यंत चिरलेला. शेजारी पिवळ्या मुठीची सुरी. मुठीवर इथेच मांस कापणाऱ्या एदिसोन तेचेराच्या घराण्याची, गुरांना डागतात ती खूण.

पोलिसांची कोमिसारिया मिर्ता ओलिबेरा पोचली तेव्हा अंगणात न्याय सुरू झाला होता. सुऱ्या चालवणारे सगळे एदिसोनवर तुटून पडले होते. दोघांनी पाय धरले होते आणि एक जण बुटाच्या टाचेने त्याचा उजवा पंजा ठेचत होता. हाडं मोडल्याचा आवाज मिर्ताला फाटकापर्यंत ऐकू आला.

तिने हवेत गोळी झाडली. पांगले, पण सुऱ्या म्यान केल्या नाहीत.

"पोरीला आम्ही खांद्यावर खेळवलंय, बाई!" म्हातारा अल्सिदेस रडत ओरडला. "त्याला आमच्या हवाली करा!"

यानिना याच कारखान्यातल्या कामगाराची लेक. राजधानीत, मोन्तेविदेओत शिकली आणि कंपन्यांच्या नेटवर्कला कुठे भगदाडं आहेत ते शोधायचं काम करू लागली. आठवडाभर ती इथली जुनी यंत्रणा तपासत होती. सकाळी तिच्या चाचणीने वजनकाटा बंद पडला, काम अडलं, आणि एदिसोन सगळ्यांदेखत म्हणाला होता, "पुन्हा हात लावलास तर टांगून ठेवीन!" बोलून गेला बिचारा, आणि ते शब्द आता गळ्यात आले.

मिर्ताने एदिसोनला वजनकाट्याच्या खोलीत कोंडलं आणि दाराशी शिपाई उभा केला. शहरातून कुमक यायला वेळ होता. एकटा शिपाई पन्नास सुऱ्यांना किती वेळ थोपवणार?

"जेवणाच्या सुट्टीत कुठे होतास?"

"हाडं काढायच्या खोलीत, बाकावर. झोपलो होतो."

"सुरी?"

"उकळत्या पाण्याच्या पेटीत. सगळ्यांच्याच तिथे असतात."

"कुणी पाहिलं तुला?"

"झोपलेल्याला काय ठाऊक, बाई, कोण पाहून गेलं ते?" त्याने सुजलेला पंजा छातीशी धरला.

वरच्या मजल्यावर यानिनाचा लॅपटॉप उघडाच होता. मॅनेजर ब्राउलिओ एत्चेगोयेन, इथल्या बोलीत 'दोन' म्हणजे साहेब, दोन ब्राउलिओ, आणि संगणकवाला फाबियान कुर्बेलो तिथेच थांबले होते.

"समजेल असं सांग," मिर्ता फाबियानला म्हणाली.

"आपलं नेटवर्क जुन्या वळणाचं आहे, कोमिसारिया. एका मशीनला दुसरं हवं असलं की ते सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतं. 'अमुक कोण?' जो आधी 'मी' म्हणेल, तो खरा. खातरजमा नाही. यानिनाचा लॅपटॉप त्या हाका ऐकत बसला होता."

"मग?"

"सुट्टीत साइनो नावाच्या मशीनने शीतगृहाच्या मशीनचं दार उघडलं. त्याला कुलूप, म्हणजे पासवर्ड, कधी नव्हतंच. तापमानाच्या जुन्या नोंदी पुसल्या. साइनो हाडं काढायच्या खोलीत असतं."

"म्हणजे एदिसोनच!" दोन ब्राउलिओ म्हणाले. "आणखी काय हवंय तुम्हाला?"

"साइनोने आणखी काय केलं?"

"विशेष नाही. सुरू होताच तोर्दिशोला हाक मारली. कुणी उत्तर दिलं नाही."

"तोर्दिशो कोण?"

"मी नाही पाहिला. मी गेल्या वर्षी आलो. इथे मशीनना घोड्यांच्या रंगांची नावं देतात."

"जुना सर्व्हर होता तो," दोन ब्राउलिओंनी माहिती पुरवली. "पुरात बुडाला. फार वर्षं झाली."

"साइनो तेव्हापासून आहे?"

"छे, ती सगळी मशीनं मागच्या उन्हाळ्यात घेतली," फाबियान म्हणाला. "जुना म्हणजे दोन ब्राउलिओंचा लॅपटॉपच." त्याने मॅनेजरांच्या काखेतल्या, चिकटपट्टीने सांधलेल्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

"म्हातारा झाला म्हणून कुणी घोडा विकत नाही," दोन ब्राउलिओ हसले. "मी तर आज हा उघडलाच नाही. घरी जेवत होतो."

खाली दारावर लाथा बसू लागल्या. शिपाई ओरडत होता.

मिर्ताने निबियाला बोलावलं. साइनोवर वजनं नोंदवायचं काम तिचं.

"सुट्टीला जाताना तू मशीनचं काय केलंस?"

"बंद केलं. रोजच करते. परत येऊन चालू केलं तर म्हणे, या नावाचं मशीन नेटवर्कवर आधीच आहे. मी आपलं बटण दाबून घालवलं. मग शीतगृहात गेले, आणि..."

मिर्ताने दार लावलं. मग ती दाराला पाठ टेकून उभी राहिली.

"फाबियान, दोन ब्राउलिओंचा लॅपटॉप जोड."

"कशाला?" ब्राउलिओंनी तो घट्ट धरला.

"जोड म्हणते ना!"

वायर लागली. मशीन घरघरत सुरू झालं. यानिनाच्या पडद्यावर नवी ओळ उमटली. कुणीतरी तोर्दिशोला हाक मारत होतं.

"माझा बाप घोडे राखायचा," मिर्ता म्हणाली. "मेलेल्या घोड्याला कोण हाक मारतं? ज्याने तो जिवंत असताना पाहिला तोच. खरा साइनो मागच्या उन्हाळ्यातला, त्याला तोर्दिशो माहीत असायचं कारण नाही. शिवाय तो सुट्टीत बंद होता, आणि चालू झाला तेव्हा त्याच्या नावावर दुसराच बसलेला. तुम्ही लॅपटॉपचं नाव बदललंत, दोन ब्राउलिओ. खोड राहिली. सुरू झाला की तो जुन्या मालकाला शोधतो, तुम्हाला न विचारता."

"मला काय गरज?"

"पुसल्या गेल्या त्या तापमानाच्याच नोंदी, म्हणजे नासलेलं मांस चांगल्या तापमानाचं म्हणून पाठवत होतात. यानिनाला नोंदींतली खाडाखोड सापडली. तिच्या धंद्याची रीत अशी, की सापडेल ते फक्त काम देणाऱ्याला सांगायचं. तिने तुम्हालाच सांगितलं. त्यात सकाळी एदिसोनने तोंड उघडलं. झोपलेल्या माणसाची सुरी पेटीतून उचललीत, पोरीला शीतगृहात बोलावलंत—"

ब्राउलिओंनी भिंतीवरचा मांस टांगायचा हुक ओढला आणि तिच्या तोंडावर हाणला. टोकाने मिर्ताचा गाल फाटला. दुसरा वार पडायच्या आत तिने त्यांच्या गुडघ्यात गोळी घातली. ते टेबलासकट कोसळले.

"त्या पोरीला कुणी विचारलं होतं!" ते फरशीवर विव्हळत होते. "चार दिवस गप्प बसली असती!"

निबिया त्यांच्या तोंडावर थुंकली.

मिर्ता गालावर रुमाल दाबून खाली आली. काट्याच्या खोलीचं दार अर्धं उखडलं होतं.

"मारणारा वर पडलाय," ती म्हणाली. "दोन ब्राउलिओ. एदिसोनने काही केलं नाही."

लाथा मारणारे मागे सरले. ज्यांच्या हातात सुऱ्या होत्या त्यांना त्या कुठे ठेवाव्यात ते कळेना.

एदिसोन भिंतीचा आधार घेत बाहेर आला. पंजाच्या जागी मांसाचा गोळा उरला होता. या हाताने तो आता सुरी धरणार नव्हता, आणि ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

"तक्रार लिहून घेते," मिर्ता म्हणाली. "कोण कोण होते?"

एदिसोनने एकेकाच्या डोळ्यांत पाहिलं. सगळे त्याच्याच ओळीतले, रोज एका भांड्यातून माते नावाचा काढा पिणारे.

"माझे पाय नेल्सोन आणि ओमेरोने धरले," तो म्हणाला. "हात कुणी ठेचला ते दिसलं नाही. तोंड जमिनीत होतं."

मिर्ताने विचारलं, "कुणी ठेचला?"

म्हाताऱ्या अल्सिदेसने सुरी जमिनीवर ठेवली. मग तो पुढे आला.

"मी," तो म्हणाला.