बांबेर्गमध्ये कुठं जेवायचं?

"वो कान मान हिअर गूट एसेन?"

इथे चांगलं जेवायला कुठे मिळतं, हा प्रश्न मी बोरी अरबच्या बसथांब्यावर, डिसेंबरातल्या सकाळी साडेसातला, धुक्याला विचारत होते. जानेवारीत माझी जर्मनची तोंडी परीक्षा होती. ती पास झाले की बांबेर्ग नावाच्या गावातल्या वृद्धाश्रमात नर्सची नोकरी ठरलेली. थांब्यावर मी एकटीच होते आणि चार हातांपलीकडचं काही दिसत नव्हतं, त्यामुळे मोठ्याने बोलायची लाज वाटत नव्हती.

"आउफ डेम केलर," धुकं म्हणालं.

पुरुषाचा आवाज... अगदी जवळून. माझ्या हातातली वही खाली पडली. अर्थ क्षणभराने लागला आणि अंगावर काटा आला. तळघरावर. तळघरात नव्हे, तळघरावर!

"कोण आहे?" मी मराठीत ओरडले.

"घाबरू नका ना बाप्पा... माणूसच हाय."

आधी तपकिरी मफलर दिसला, मग तुरीच्या ओल्या शेंगांचं पोतं, आणि मग एक हसरा, थोडासा जागरण झाल्यासारखा चेहरा. त्याने माझी वही उचलली, पँटला पुसली आणि दोन्ही हातांनी मला दिली.

"व्याकरण बराबर हाय," तो म्हणाला. "पण तुमी असं विचारून राह्यल्या, जसा पेशंटले ताप विचारतात."

"मी नर्सच आहे."

"मंग बराबर."

त्याचं नाव राजदीप. थांब्यापासून दोन किलोमीटरवरच्या तांड्यावर आई आणि तो, दोघंच. तीन वर्षं जर्मनीत स्वयंपाकी होता. कुठे, असं मी विचारलं, तेव्हा त्याने पोतं उगाच एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं.

"बांबेर्ग," तो म्हणाला.

तेवढ्यात एसटीचे दिवे धुक्यातून पिवळे पिवळे होत आले, आणि खरं सांगते, दारव्ह्यापर्यंतच्या वाटेवर मी दोनदा मागे वळून पाहिलं. तो खरोखर मागच्या सीटवर बसलाय की नाही, याची खात्री करायला. दुसऱ्यांदा त्याने भुवया उंचावल्या. मी खिडकीबाहेर पाहिलं. तिकडे पाहण्यासारखं काहीच नव्हतं, सगळं पांढरं.

मी रोज दारव्ह्याच्या दवाखान्यात जायचे, तो एक दिवसाआड भाजी घेऊन बाजारात. तिसऱ्या भेटीत तो माझ्या शेजारी बसला. पाचव्या भेटीत 'तुमी'चं 'तू' झालं आणि विजयमालाचं 'विजू'. माझी धाकटी बहीण खुशी म्हणायची, "ताई, तू हल्ली जर्मन शिकायले जातं का लाजायले?"

"परीक्षेत विचारतील," मी त्याला म्हणाले, "की तुमच्या शहरात पाहुणा आला तर त्याला खायला-प्यायला कुठे न्याल? तू सांग. मी पाठ करते."

"पाठ नको करू. आईक फक्त."

आणि तो सांगायचा. नदीच्या मधोमध उभं असलेलं जुनं नगरघर, त्याच्या मागच्या गल्लीत काळ्या लाकडी तुळयांची खानावळ. तिथे धुराची बियर मिळते. जव लाकडाच्या धुरावर वाळवतात, म्हणून ती काळपट आणि धुरकट.

"पहिला घोट थुकावा वाटते," राजदीप म्हणाला. "दुसऱ्याले वाटते कोणी वावरात कपाशीच्या पराट्या पेटवल्या अन् आपण तोंड उघडं ठेवून उभे हावो. तिसऱ्यापासून मात्र... घर आठवते."

"मी पीत नाही."

"मंग वास घेजो. वासाले कोणी अडवत नाई. अन् तिथी भरलेला कांदा खाजो. एवढा मोठा, आत खिमा, वरून त्याच बियरचा रस्सा. अन् डुकराच्या खांद्याचं मटन, त्याची कातडी पापडावानी कुरकुरते. तुले नाई जमलं, तं चीज मागजो. कांदा-तिखट घालून कुस्करलेलं. भाकरीवर आपला ठेचा घेतो, तसं पावावर घ्यायचं."

"आणि ते तळघरावर काय होतं?"

"टेकड्यांच्या पोटात जुने बोगदे हायेत. बियर थंड ठेवायले खोदलेले. वरून झाडं लावली, त्याईच्या सावलीत बाकडे टाकले. म्हणून लोक म्हणतात, चला तळघरावर. बियर त्याईची घ्यायची, डबा आपला न्यायचा. मी भाकर अन् ठेचा न्यायचो. एका म्हाताऱ्यानं चाखला, तं त्याच्या डोयातून पाणी... तरी म्हणे, अजून दे!"

मी हसत सुटले. तो हसला नाही. तो खिडकीकडे मान वळवून काहीतरी ऐकत होता. बस लाडखेडजवळ धुक्यात थांबली होती, इंजिन बंद.

"तुले आईकू आलं?" त्याने विचारलं.

"काय?"

"काई नाई."

असं तो पुष्कळदा करायचा. बोलता बोलता शब्द अर्धा सोडून मान कलती करायचा, कुणी लांबून नाव घेतल्यासारखी. मी नर्स. कान तपासून घे, असं सुचवलंसुद्धा. तो म्हणाला, कान ठीक हायेत, तोच तं त्रास हाय.

एकदा त्याने माझ्या वहीत गावाचा नकाशा काढून दिला. नदी, पूल, सात टेकड्या, कुठल्या दारात सकाळी गरम पाव मिळतो, कुठली खानावळ सोमवारी बंद. एका टेकडीपाशी पेन्सिल थांबली. त्याने तिथे काहीच लिहिलं नाही. मी बोट ठेवून विचारलं, "इथे काय?"

"तिथी जाऊ नको," तो म्हणाला. आवाज इतका वेगळा होता की मी बोट उचललं.

दहा जानेवारीला परीक्षा झाली. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी खरोखर तेच विचारलं, आणि मी धुराच्या बियरबद्दल अशी काही बोलले की त्या म्हणाल्या, तुम्ही कधी गेला होतात तिथे? निकाल लागला त्या रविवारी मी पेढे घेऊन त्याच्या तांड्यावर निघाले. दुपारचा एक वाजून गेला होता. धुकं कधीच संपलं होतं, पण ऊन कसंतरी आजारी माणसासारखं पडलेलं. तुरीची सोंगणी होऊन वावरात नुसते खुंट उरले होते. तो बांधावर उभा होता. पेढा त्याने घेतला, तोंडात टाकला नाही, हातातच धरून राहिला.

"पास झाली तू. मंग आता जाशीन."

"एप्रिलात," मी म्हणाले. "तूही चल ना... परत. तुझी तीन वर्षांची नोकरी होती. सोडून का आलास, ते तू कधी सांगितलंच नाहीस."

तो बांधावरून खाली उतरला. मग म्हणाला, "ये."

वावराच्या टोकाला, पांढऱ्या मातीच्या उंचवट्यावर बाभळीच्या काट्यांचा ढीग होता. त्याने काटे बाजूला केले. खाली एक शिळा, बैलगाडीच्या चाकाएवढी.

"पेव हाय," तो म्हणाला. "पयले ज्वारी ठेवत जमिनीत. आमच्या आधीच्या मालकानं खोदलेलं. बंद होतं कित्येक वर्षं. दोन सालापयले नवंबरात बा म्हणे, उघडून पाहू, कामात येईन. त्यानं शिळा सरकवली अन् दोर लावून उतरला. आत हवा खराब. वर आला नाई."

त्याचे वडील लालसिंग.

"त्याच दिवशी," राजदीप शिळेकडे पाहत बोलत होता, "सकाळी साडेनऊ वाजता मी त्या टेकडीच्या बोगद्यात आलू आणायले गेलतो. इकडे तवा दोन वाजत होते. पार आत, जिथी जुना रस्ता विटाईनं बुजवला हाय, त्या विटांच्या मांगून बा बोलला. 'राजू, आव.' ये म्हणत होता, आमच्या बोलीत, विजू. तिथी कोणाले येते आमची बोली? मी दिवा टाकून भितीवर हात आपटत होतो... मालकानं ओढत बाहेर आणलं. संध्याकाळी फोन आला."

वारा नव्हता. तरी काट्यांचा ढीग हलल्यासारखा वाटला.

"तो मले मदतीले बोलवून राह्यला होता. अन् मी सात हजार किलोमीटर दूर. तवापासून इथून हललो नाई. आताही हाक येते, इथून... खालून. मी गेलो अन् त्यानं पुन्हा बोलावलं, तं कोण हाय?"

मी दवाखान्यात शिकलेलं सगळं आठवत होते. अशा हवेत माणूस दोन श्वासांत बेशुद्ध पडतो. ओरडायला तिसरा श्वास मिळत नाही. "राजदीप," मी हळूच म्हणाले, "त्यांना हाक मारायला वेळच मिळाला नसेल रे. त्यांना कळलंही नसेल."

"मंग मी काय आईकलं?"

बांधावरून त्याची आई येत होती, डोक्यावर टोपली, हातात पाण्याची कळशी. तो तिला याडी म्हणायचा. तिने मला पाहिलं, शिळा पाहिली, आणि न विचारताच ओळखलं की काय बोलणं चाललंय.

"आज सांगितलं का ह्यानं? मले तं दोन वर्षांत एक शब्द नाई बोलला," ती टोपली उतरवत म्हणाली.

"याडी, तुले कायले..." तो थबकला. मग सगळं एका दमात बोलून टाकलं, बोगदा, भिंत, दोन वाजताची हाक. याडी भाकरीचं फडकं सोडता सोडता ऐकत होती. तिचे हात थांबले नाहीत. आणि मग, मला वाटलं ती रडेल, तर ती चक्क हसली.

"येड्या! तो मदतीले नाई, जेवायले बोलवत होता. तू परदेशात गेला, तवापासून रोज दोन वाजता भाकर काढली की इथी उभा राहून हाक मारे, 'राजू, आव, खाऊन घे.' तुझ्या वाटणीचा तुकडा बाजूले ठेवे. मी म्हणे, तो काय तिथून येते? तं म्हणे, बोलावलं तं पाहिजे. त्या दिवशीबी त्यानं आधी हाक मारली, जेवला, अन् मंगच उतरला."

राजदीप खाली बसला. मातीतच. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मंग आता?" त्याने विचारलं. "आता काहून बोलावते?"

"भूक लागत असन," याडी म्हणाली. तिने चार पानं मांडली. तीन नाही, चार. पळसाच्या पानांवर भाकर, तुरीच्या दाण्यांची भाजी, कांदा. चौथं पान शिळेच्या बाजूला.

आम्ही बसलो. माझ्या मनगटावरच्या घड्याळात दोन वाजले. आणि मी ऐकलं.

कुठून, ते सांगता येणार नाही. पायाखालून म्हणावं तर आवाज वरून आल्यासारखा होता, आणि लांबून म्हणावं तर कानाशी. खोकल्याची एक उबळ, मग दोन शब्द. मोठा आवाज नव्हता. घाईचा तर नव्हताच. घरातला मोठा माणूस पान वाढलेलं पाहून जसा हाक देतो, तसा. माझा घास तोंडाशीच राहिला. बाजूच्या झाडावरचा होला एकदम उडाला.

"हव, बसलो," याडीने पदर सावरत उत्तर दिलं आणि भाकर मोडली.

राजदीपने माझ्याकडे पाहिलं. मी ऐकलंय, हे त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळलं. दोन वर्षं एकट्याने वाहिलेलं काहीतरी त्याच्या डोळ्यांतून खाली उतरताना मला दिसलं. त्याने घास घेतला. मग दुसरा. मग हातातला तो पेढा शिळेजवळच्या पानावर ठेवला.

"बा," तो मातीकडे पाहून मराठीतच बोलला, बहुतेक मला कळावं म्हणून, "ही विजयमाला. मले हिच्यासंग जायचं हाय. ही तिथी रोज पोटभर खाईन का नाई, याचा भरवसा नाई. दुसऱ्याच्या तापाचं पाहते, स्वतःचं पाहत नाई. मले... मले आवडते ही."

एवढ्यातही मला हसू आलं. एवढे दिवस शेजारच्या सीटवर बसून जे बोलला नाही, ते हा मुलगा जमिनीला सांगत होता!

"मला सांग ना," मी म्हणाले. "मी इकडे बसलेय."

त्याने मान वर केली. कान लाल झाले होते. "तुले सांगतो. आवडतं तू मले. लय. येऊ का संग?"

"ये," मी म्हणाले. जर्मनमध्ये काय म्हणतात, ते त्या क्षणी आठवलं नाही.

मग त्याने याडीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पुन्हा उतरला. "पण तू... एवढ्या मोठ्या वावरात एकटी राहशीन?"

याडी उठली. आमची पानं गोळा केली. चौथं पान मात्र उचललं नाही. त्यावरचा पेढा तिथे नव्हता, भाकरीचा तुकडाही नव्हता. मुंग्या नव्हत्या, पाखरू आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ते पान तिने प्रेमाने थोडं सरळ केलं.

"एकटी?" ती म्हणाली. "मी कुठी एकटी हाय रे?"

आणि कळशी कमरेवर घेऊन ती निघाली. अर्ध्या बांधावर पोचल्यावर ती कुणाला तरी वाट द्यावी तशी जराशी बाजूला सरकली, आणि मग पुढे चालू लागली. राजदीपने माझा हात घट्ट धरला. मी सोडवून घेतला नाही.