लांबलेली मोजणी

ती डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात शिरली होती, तेवढ्यात कोणीतरी काउंटरवर स्टॉपवॉच ठेवलं आणि म्हणालं, "हे खोटं बोलतं."

तिने मान वर केली. भिंग काढायचं राहून गेलं. त्यामुळे समोरचा तरुण तिला एका डोळ्याने धूसर दिसला आणि दुसऱ्याने स्वच्छ. दोन्हीकडून देखणाच दिसला, ही गोष्ट तिने मनात नोंदवली आणि चेहऱ्यावर येऊ दिली नाही.

"घड्याळ खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "माणसं त्याला चुकीचा प्रश्न विचारतात."

"मी दातांचा डॉक्टर आहे. दाताचं माप घ्यायचा लगदा पेशंटच्या तोंडात किती सेकंद ठेवायचा, हे यावर मोजतो. आजवर एकाचाही जबडा अडकला नाही."

"मग तक्रार काय?"

तो काउंटरवर झुकला. "मागच्या गल्लीत एक टेलर आहेत. बॉक्सिंग क्लबाच्या चड्ड्या ते शिवतात, दातांची कवचं मी करतो… तर ओळख झाली. दर रविवारी ते भिंतीवर टांगलेल्या अस्तराच्या कापडावर जुन्या लढतींची फिल्म दाखवतात. डेम्प्सी आणि टनी, एकोणीसशे सत्तावीस. डेम्प्सीने टनीला पाडलं. नियम असा की, पाडणाऱ्याने आधी लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, मगच पंचाने दहा आकडे मोजायचे. डेम्प्सी तिथेच उभा राहिला—"

"—म्हणून मोजणी उशिरा सुरू झाली. नऊला टनी उठला आणि जिंकला. पुढे?"

तो जरा चकित झाला. "पुढे असं की, जग म्हणतं, टनी तेरा-चौदा सेकंद खाली होता. पण त्या भिंतीवर मोजलं की दहाच भरतात! म्हणजे एक तर घड्याळ खोटं, नाही तर इतिहास. आणि तो म्हातारा इतका हट्टी आहे की—"

"गुरुवारी या," तिने पावती फाडली. "आणि तो म्हातारा माझा बाप आहे."

दातांच्या डॉक्टरचं तोंड उघडं राहिलं. दात चांगले होते.

गुरुवारी तो आला. स्टॉपवॉच एका दिवसात पाव सेकंदही चुकत नव्हतं. तिने तसं सांगितलं आणि विषय संपला. शुक्रवारी तो दवाखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ घेऊन आला. सोमवारी आईचं. बुधवारी एका पेशंटचं, जे उत्तम चालत होतं आणि ज्याच्याबद्दल पेशंटला काहीच माहीत नव्हतं.

"तुमचा चॅम्पियन कोण?" त्याने एकदा विचारलं.

"जॅक जॉन्सन."

"का?"

"लढता लढता गप्पा मारायचा. समोरच्याशी, प्रेक्षकांशी… हसत हसत."

"तोंडात सोन्याचे दात होते. हसणारच. हे मी व्यवसायातला माणूस म्हणून सांगतो."

"विलर्डने त्याला पाडलं, तो फोटो पाहिलाय? उताणा पडलाय आणि हात डोळ्यांवर धरलाय. जणू ऊन लागतंय! हरतानासुद्धा ज्याला उन्हाची पडलेली असते, त्याच्यासारखा रुबाबदार माणूस दुसरा नाही."

"तो मुद्दाम हरला म्हणतात. तो स्वतःही नंतर तसं म्हणाला."

"हरल्यावर सगळेच म्हणतात."

"माझ्या डेम्प्सीने त्याच विलर्डला पहिल्या राउंडमध्ये सात वेळा पाडलं. सात!"

"म्हणजे सहा वेळा नीट पाडलं नव्हतं," ती म्हणाली आणि स्क्रू घट्ट केला. "आमच्याकडे एकच घड्याळ सात वेळा दुरुस्तीला आलं, तर आम्ही त्याला पराक्रम म्हणत नाही."

तो इतका हसला की, काउंटरवरची तीन घड्याळं हलली. ती हसली नाही. फक्त त्या दुपारी तिने एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात तासकाट्याच्या जागी मिनिटकाटा बसवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

टेलरच्या नजरेतून काही सुटत नसे. कापड अर्धं बोट कमी पडलं तरी त्यांना दुरून कळायचं. एका रविवारी त्यांनी दोघांसमोरच विषय काढला. खडूने बाही आखता आखता.

"डॉक्टर, तुम्ही इथे कशासाठी येता, ते मला दिसतं. माझी हरकत नाही. मुलगा चांगला, धंदा चांगला. पण या घरात टनीला मानतात. पुस्तकं वाचणारा चॅम्पियन! टनी न्यायाने उठला, दहाच्या आत उठला, हे तुम्ही ज्या दिवशी कबूल कराल, त्या दिवशी पुढचं बोलू."

"बाबा, हे काय लग्न ठरवणं झालं?"

"लोक पत्रिका बघतात. मी निदान फिल्म बघतो."

पुढच्या रविवारी खिडकीला जाड कापड लावलं गेलं. पूर्वी क्लबातले पाच-सहा जण येत. पण टेलरचं भाषण लढतीपेक्षा लांबू लागलं, तसे ते गळाले. आता प्रेक्षक दोनच. प्रोजेक्टरची मोटर कित्येक वर्षांपूर्वी जळली होती, तेव्हा टेलरने घरची, शिलाई मशीनची मोटर त्याला जोडली होती आणि स्वतःच्या हाताचं काम म्हणून तिच्याकडे ते कौतुकाने बघत. त्या भिंतीवर जगातले सगळे चॅम्पियन घाईत असत. साडेसहा फुटी विलर्डसुद्धा बस चुकणार असल्यासारखा धावे. जुन्या फिल्मा अशाच असतात, असं तिघेही समजून चालले होते.

सातवा राउंड सुरू झाला. मुष्टियोद्धे स्टुलांवरून उठले आणि तिने आपलं स्टॉपवॉच दाबलं. नेहमी सगळे टनी पडल्यावर दाबत. आज तिला वाटलं, प्रश्न बदलून बघावा.

टनी पडला. डेम्प्सी घुटमळला. टनी उठला. टेलरने आपलं घड्याळ विजयाने पुढे केलं. "दहा! बोला, डॉक्टर."

डॉक्टरने घसा साफ केला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "काका… तुमचं बरोबर आहे. दहाच. टनी न्यायाने उठला."

टेलरचा चेहरा दिवाणखाना उजळावा तसा उजळला. आपल्यासाठी कोणी खोटं बोलावं, हे पहिल्या सेकंदाला गोड लागतं. दुसऱ्या सेकंदाला तिच्या मनात आलं… आज बाबांना हवा तो आकडा सांगितला. उद्या मी काही विचारेन, तेव्हा मला हवा तो सांगेल. मग याचं खरं कोणतं, हे मी आयुष्यभर कोणत्या घड्याळावर तपासू?

भिंतीवर राउंड संपला. तिने बटण दाबलं आणि आकडा दोनदा वाचला.

"बाबा, राउंड किती मिनिटांचा असतो?"

"तीन. हे काय विचारणं झालं?"

"हा दोन मिनिटं नऊ सेकंदांत संपला."

तिघांनीही हळूहळू मान वळवून घरघरणाऱ्या मोटरकडे पाहिलं. मोटर आपलं काम निष्ठेने करत होती, जणू समोर परकर होता.

"तीन मिनिटांचे दोन-नऊ झाले, तर दहाचे मुळात किती?" ती म्हणाली. "चौदा, बाबा. इतकी वर्षं आपण टनीला शिलाईच्या वेगाने उठवतोय."

टेलरने मोटर बंद केली. खुर्चीत बसले. तिला वाटलं, आता ते म्हातारे दिसतील. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "म्हणजे… त्याला चौदा सेकंद मिळाले, आणि त्याने एकही सोडला नाही. नियमात बसून विश्रांती घेतली! मी म्हणतच होतो, वाचणारा माणूस."

डॉक्टर हसायला लागला. तिने त्याला तिथेच थांबवलं.

"तुम्ही हसू नका. तुम्हाला दहा पटलं नव्हतं, तरी दहा म्हणालात."

"तुझ्यासाठी म्हणालो…" 'तू' कसं निसटलं, हे त्याला कळलं नाही.

"मला भांडणारा आवडला होता. चार आठवडे चांगली घड्याळं घेऊन येणारा, पण डेम्प्सीवरून एक इंचही न हलणारा."

"चांगली होती, हे माहीत होतं तुला?"

"मी घड्याळवाली आहे!"

त्याने श्वास घेतला. "ठीक. मग खरं ऐक. काका, टनीने उशिराचा फायदा घेतला, डेम्प्सी मोठा होता, आणि हे मी मरेपर्यंत म्हणणार. आणि तू… जॉन्सनसकट, सगळ्या टोमण्यांसकट… मला तुझ्याशी लग्न करायचंय."

ती दोन पावलं मागे सरकली. शिलाईच्या टेबलाचा आधार घेतला. "हा ठोसा झाला," ती म्हणाली. "नियम माहीत आहे ना?"

तो जागच्या जागी खिळून उभा.

"कोपरा!" टेलर ओरडले. "अहो, कोपरा गाठा! हाच, हाच तुमच्या माणसाचा घोळ!"

तो धावत मापाच्या आरशाजवळच्या कोपऱ्यात गेला. मोजणार कोण? टेलरने हात वर केले. ते वादातले पक्षकार होते; त्यांनी फक्त घड्याळ दाबलं. तेव्हा तो स्वतःच मोजू लागला. "एक… दोन… तीन…" चारपर्यंत आवाज मर्दानी होता. सहापासून पातळ झाला. "सात…" ती आरशात त्याचा कान लाल होताना बघत होती. "आठ……" बराच वेळ काहीच नाही. "आठ झाले बरं का." मग अगदी नाइलाजाने, "……नऊ."

"हो," ती म्हणाली.

टेलरने घड्याळ थांबवलं आणि डॉक्टरच्या नाकासमोर धरलं. एकपासून नऊपर्यंत चौदा सेकंद.

"आता त्या पंचाला काय म्हणायचं, डॉक्टर?"

डॉक्टरने आकडा पाहिला. आयुष्यभराचं भांडण त्याच्या तोंडात होतं. दाताच्या लगद्यासारखं घट्ट बसलेलं. त्याने ते गिळलं नाही, फक्त बाजूला केलं. "डेम्प्सी मोठाच होता, काका," तो म्हणाला. "पण समोरचं माणूस उठावं असं वाटत असलं… की आकडे लवकर सुचत नाहीत."

तिचं उत्तर 'एक'लाच तयार होतं. पण नियमाने मिळालेला वेळ सोडायचा नसतो, हे ती लहानपणापासून बाबांच्या भिंतीवर बघत आली होती.