पहिली दोन मिनिटं

मिरजेच्या विद्युतरसायन प्रयोगशाळेत टेबलावर सात विद्युतघट, म्हणजे बॅटऱ्या, मांडले होते. यांत्रिक हृदयपंपाचे हे राखीव घट. चालू घट संपला की डॉक्टर रुग्णाच्या कमरेच्या डबीत राखीव घट बसवत. गेल्या महिन्यात तो बसवतानाच तीन रुग्ण दगावले. त्यांच्या डबीतून काढलेले हे घट मात्र चाचणीत निर्दोष निघाले.

"सातही उत्तम," प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. पठारे म्हणाले. "दवाखान्याला होकार कळवलाय."

साडेअकराला तिथे चौथ्या रुग्णाचा घट बदलायचा होता. ती पठारे यांची धाकटी बहीण, मालन.

मृण्मयी खानोलकर ही आठ महिन्यांपूर्वी रुजू झालेली सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ. ती जवळजवळ धावतच आत आली. "सर, चाचणीतली पहिली दोन मिनिटं कुठायत?"

"टाकून दिली. घट स्थिरावेपर्यंतची मोजमापं कोण धरतं? कधी प्रयोगात हात ओले केले असतेस तर कळलं असतं!"

"मीही तेच करत होते, सर. संगणकातले अणू स्थिरावेपर्यंतचा भाग आम्हीही फेकून देतो. आज तो ठेवून बघितला." तिला धाप लागली होती. "घटातल्या धातूवर पातळ पडदा असतो, सीमापटल. प्रवाह वाहतो तोवर तो टिकतो. घट महिनोन्महिने नुसता पडून राहिला की विरघळतो. मग त्या घटातून पंप चालण्याइतका प्रवाह मिळत नाही."

"मग असा घट चाचणीत पास कसा होतो?"

"चाचणीसाठी आपण त्यातून प्रवाह खेचतो ना! पडदा पुन्हा बनतो, साधारण नव्वद सेकंदांत. पंपाला जोडून ठेवला तरी तेच होईल. आपण घट दुरुस्त करतो आणि मग तपासतो."

पठारे यांनी घड्याळ पाहिलं. अकरा एकतीस. त्यांनी फोन लावला.

"पंप बंद पडलाय!" पलीकडून डॉ. शेख ओरडले. "घट काढतोय, दुसरा घालतो!"

"काढू नका! तसाच राहू दे. छाती दाबत राहा."

"अहो, मेलाय तो घट!"

"किती वेळ झाला?"

"चाळीस सेकंद."

"आणखी पन्नास थांबा. शेख, माझी बहीण आहे ती. थांबा."

मृण्मयी मोठ्याने आकडे म्हणू लागली. नव्वदला काहीच झालं नाही. पठारे यांनी टेबलाची कड घट्ट धरली. सत्त्याण्णवला फोनमधून पंपाची घरघर ऐकू आली.

"नाडी लागतेय," शेख म्हणाले.

पठारे खुर्चीत बसले. मग शेख यांचाच आवाज आला, अगदी हळू. "आधीच्या तिघांचे घट आम्ही मिनिटाच्या आत काढले होते. लगेच नवा, सीलबंद घातला. तोही चालेना म्हणून काढला. एकाला तर तीन घातले."

"म्हणजे दर वेळी पुन्हा शून्यापासून," मृण्मयीच्या तोंडून निघून गेलं.

फोन अजून सुरूच होता.