पिवळी काच

बेला गावात बाजाराच्या रस्त्यावर माझं चष्म्याचं दुकान आहे. नव्या गिऱ्हाइकाला मी आधी निळ्या टॉर्चचा खेळ दाखवतो. साध्या काचेतून निळा ठिपका पलीकडच्या कागदावर पडतो. पिवळी काच मध्ये धरली की ठिपका गायब. लोक थक्क होतात आणि मला उगाच शास्त्रज्ञ झाल्यासारखं वाटतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत करण त्याच्या पाच वर्षांच्या मुलीला, मीनलला, घेऊन आला. तिच्या फ्रॉकला कापसाचे तंतू चिकटले होते. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तिला एक माणूस दिसायचा. दुसऱ्या कुणालाच नाही. आदिलाबादच्या डॉक्टरांना डोळ्यांत काही दोष सापडला नव्हता.

"जेवत नाही, झोपत नाही, भाऊ," करण म्हणाला. "नुसती रडून राह्यली."

आताही ती रस्त्यापलीकडे बोट दाखवत होती. तिथे एक मोटरसायकल उभी होती, बाकी कुणी नव्हतं. मी तिच्या डोळ्यांपुढे एकेक काच धरली. लाल. हिरवी. मग पिवळी.

"गेला," मीनल म्हणाली आणि हसली.

निळा उजेड अडला की असले भास थांबतात, असं मी करणला ठासून सांगितलं आणि तिला पिवळ्या काचांचा चष्मा करून दिला. भासाचं तसं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. पण पोर हसली होती, आणि मला फार बरं वाटलं होतं.

महिन्याभरानं दोघं पुन्हा आले. मीनलनं अंग धरलं होतं. चष्मा ती झोपेतही काढत नव्हती. करण मात्र पार वाळला होता.

"आता बिलकुल रडत नाही," तो म्हणाला. "पण भाऊ, पैले दिसत व्हता तवा तो धुऱ्यावर हाय का गोठ्यापाशी, हे तरी सांगत व्हती. रोज थोडा जवळ येत व्हता. आता कुठवर आला असन, कोन सांगन?"

हा विचार मी केलाच नव्हता.

"एकदा काढून पाहू," मी म्हणालो.

"तुमीच काढा. माहा हात नाही उचलत."

करण तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं तिचे दोन्ही हात धरले. मी चष्मा काढला.

माझं लक्ष दाराकडे होतं. मीनलनं तिकडे पाहिलंच नाही.

ती रडलीही नाही. करणच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं आपली बोटं हळूहळू सोडवून घेतली आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"काका," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "माहे बाबा कुठी गेले?"