खोलीचं एक मिनिट

लोकांच्या आठवणी रेकॉर्ड करून देणं हा माझा धंदा. म्हाताऱ्या माणसासमोर मायक्रोफोन ठेवायचा, दिलेला चहा घ्यायचा आणि तोंड बंद ठेवायचं. यातलं शेवटचं तुम्हाला कसं जमतं, असं माझी बायको जिवंत असताना विचारायची.

कुठल्याही घरी मी आधी एक मिनिट कुणाला बोलू देत नाही. नुसत्या खोलीचा आवाज घेतो. पंखा, घड्याळ, रस्त्यावरची वर्दळ. तो आवाज वेगळा मिळाला की बोलण्यातली खरखर काढता येते. काम झालं की ते मिनिट पुसून टाकायचं. तीस वर्षं असंच करत आलो.

त्या घरी गेलो ते दुपारी तीनला. आई ब्याऐंशी वर्षांची, जन्मभर लोकांचे कपडे शिवलेली. मुलगी शाळेत गणित शिकवायची. तिने मला दारातच गाठलं.

"आई विसरत चाललीय," ती हळू आवाजात म्हणाली. "बाबा गेले तेव्हा मी दीड वर्षाची होते. ते मला कसल्याशा लाडाच्या नावाने हाक मारायचे. आता आईलाही ते आठवत नाही. तेवढं मिळालं तरी मला खूप झालं हो."

पहिल्याच दिवशी म्हातारी अडली. लग्नानंतरची खोली कितव्या मजल्यावर होती, काही केल्या आठवेना. मग तिने मान कलती केली, शिलाई मशीनजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो हो, तिसऱ्या. जिना लाकडी होता." पुढे जी सुटली ती तासभर थांबली नाही.

रोज असंच व्हायचं. ती अडायची, खुर्चीकडे बघायची, आणि आठवायचं. त्या वेळी खोलीत ओल्या शाईचा वास यायचा. नवरा छापखान्यात कामाला होता, हे तिने तिसऱ्या दिवशी सांगितलं. त्या दिवशी मी चहा अर्धाच टाकून निघालो.

चौथ्या दिवशीचं रेकॉर्डिंग घरी ऐकायला बसलो. सुरुवातीचं मिनिट. पंखा... घड्याळ... आणि मग मायक्रोफोनच्या अगदी जवळ एक पुरुष खोकला.

"आज त्या छत्रीचं सांग ना..." तो म्हणाला.

त्यानंतर अर्ध्या तासाने म्हातारीने छत्रीचीच गोष्ट सांगितली होती. मी ते मिनिट पुन्हा लावलं. आणि लगेच दुसरी गोष्ट ध्यानात आली. आधीच्या तीन दिवसांची तीन मिनिटं मी न ऐकताच माझ्या हाताने पुसली होती.

दुसऱ्या दिवशी ते दोघींना ऐकवलं. मुलगी आईकडे वळली.

"आई... हे बाबा?"

"मग दुसरं कोण? रोज तर बसतात इथे. खोकला काही गेला नाही अजून." मग माझ्याकडे बोट दाखवून लेकीला म्हणाली, "तुझं ते लाडाचं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मी विसरले, पण यांनी घेतलंय ना ते."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मी खरं काय ते सांगून टाकलं. मुलगी मशीनजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर मला सोसलं असतं.

"पुन्हा घ्या," शेवटी ती म्हणाली. "एक मिनिट."

आम्ही तिघं गप्प बसलो. भर दुपारची उन्हं जमिनीवर होती, तरी मला थंडी वाजत होती. शाईचा वास दाटत गेला. खुर्ची एकदा करकरली. मी तिकडे पाहिलं नाही.

मग ऐकलं. दहा सेकंद, तीस, पन्नास... काही नाही. मुलीने डोळे मिटून घेतले.

"चिमणे..." तो आवाज आला. "किती गं केस पिकले तुझे."

ती आईच्या मांडीत डोकं खुपसून लहान पोरीसारखी रडली. "चिमणीच! बघ, कसं विसरले मी," म्हणत म्हातारी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मीही रडलो, लपवत नाही.

या गोष्टीला वर्ष झालं. तेव्हापासून मी कुणाचंच मिनिट पुसत नाही. परवा त्या मुलीचा फोन आला. आवाज आनंदी होता.

"ते मिनिट आता एक मिनिटाचं राहिलेलं नाही," ती म्हणाली. "रोज थोडं वाढतं. काल एकोणीस मिनिटांचं झालं. माझा शाळेचा पहिला दिवस, माझं आजारपण, सगळं सांगतात. सगळं बघत होते हो ते!" मग म्हणाली, "काल तुमच्यासाठी निरोप होता."

"माझ्यासाठी?"

"म्हणाले, त्या रेकॉर्डिंगवाल्यांनाही आता स्वतःचं सांगायला घेऊ दे. फार वेळ लावू नका म्हणाले... तुमच्या बायकोने सांगितलंय."

म्हणून आज समोर मायक्रोफोन ठेवलाय आणि सुरुवात या गोष्टीपासून केलीय. आधी रिवाजाप्रमाणे एक मिनिट गप्प बसलो होतो. ते अजून ऐकलेलं नाही. पण मघापासून मी जिथे जिथे अडतोय, तिथे पुढचा शब्द मला आपोआप सुचतोय.