नऊ जणांचं एक पोट

चंद्रावरून नऊ माणसं परतून महिना झाला, तरी एकालाही घरी सोडलेलं नव्हतं. नऊ देशांत स्वागताच्या कमानी उभ्या होत्या आणि त्यांवरची फुलं कधीच सुकली होती. मोहीमच अशी, की कुणा एका देशाला झेपली नसती. भारतानं यान दिलं, जपाननं राहायची घरं, घानानं तिथल्या मातीतून प्राणवायू काढणारं यंत्र. उरुग्वेकडे यंत्र नव्हतं, त्यांनी भाजीपाला पिकवणारा माणूस दिला. खरं सांगायचं तर चार वर्षं सगळे जगले ते त्याच्याच जिवावर.

संगमनेरला खानावळ चालवणाऱ्या इंदुमती शेळकेंना कमानींशी देणंघेणं नव्हतं. त्यांना त्या नऊ जणांतली आपली लेक मृणाल हवी होती. विलगीकरण केंद्राच्या काचेपलीकडे ती इतरांबरोबर एकाच ताटात जेवत होती.

"काय धाड भरलीय तिला? चांगली ठणठणीत तर दिसतेय," त्या म्हणाल्या.

जंतुशास्त्रज्ञ डॉ. फडतरे हेच नऊ देशांच्या मंत्र्यांना समजावून थकल्या होत्या. त्या पुन्हा समजवायला बसल्या.

"ताई, आपल्या पोटात कोट्यवधी चांगले जंतू असतात. ते अन्न पचवतात, रोगाशी लढतात. इथं मातीतून, पाण्यातून, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून नवे मिळत राहतात. चंद्रावर कुठून मिळणार? मग या नऊ जणांच्या जंतूंनी आपसात कामं वाटून घेतली. मृणालच्या पोटातले एक जीवनसत्त्व बनवतात, दुसऱ्याच्या पोटातले दुसरं. एकत्र जेवणातून देवाणघेवाण चालते. आम्ही त्याला सह-जठर म्हणतो. पोटं नऊ, कारभार एक."

"आणि एकटीला नेलं तर?"

"नॉर्वेच्या गड्याला वेगळं ठेवून पाहिलं. आठव्या दिवशी त्यानं अंथरूण धरलं. पुन्हा यांच्या पंक्तीला बसवला, तेव्हा उठला."

"मग आपल्याकडचे जंतू घाला की."

"घातले. यांचे जंतू त्यांना थारा देत नाहीत. उलट बाहेरच्याच्या पोटात शिरले की तिथंच बस्तान बसवतात. म्हणून तर ही काच. तुम्ही महिनाभर त्यांच्यात जेवलात, तर तुम्ही दहाव्या. मग ते जातील तिकडे जायचं. परत फिरता येणार नाही."

इंदुमतीबाई घाबरल्या. बावीस वर्षांची खानावळ, रोजची माणसं, स्वतःचं दार. काचेपलीकडून मृणाल म्हणाली, "आई, तू नको येऊस. मी बरी आहे इथं."

"दिसतंय ते," इंदुमतीबाई म्हणाल्या. "परक्या माणसांनी तुला जगवलं. मी आयुष्यभर परक्यांनाच जेवू घातलंय, आता त्यांच्यात बसायला मला कसली लाज? डॉक्टरबाई, दार उघडा."

नऊ सरकारांनी होकार द्यायला अकरा दिवस घेतले. दार उघडलं, आणि उरुग्वेच्या माणसानं सरकून त्यांना मृणालशेजारी जागा करून दिली. मायलेकी आधी पोटभर रडल्या, मग जेवल्या.

दुसऱ्याच दिवशी नॉर्वेहून एका म्हाताऱ्या वडिलांचा, मलाही पंक्तीला घ्या, असा अर्ज आला. आठवड्यात अर्ज सत्तावन्न झाले. त्यांतले बारा तर अशा देशांतून, ज्यांनी मोहिमेला साधा खिळाही दिला नव्हता.

फडतरेबाईंनी अंदाज बांधला. या वेगानं शंभरेक वर्षांत पृथ्वीवर एकच पोट उरणार होतं. एका टोकाला माणसं उपाशी राहिली, की दुसऱ्या टोकाचे आजारी पडणार. कुठल्याही देशाला दुसऱ्याला उपाशी ठेवून स्वतः जगता येणार नव्हतं.

घाबरावं की हसावं, त्यांना कळेना. त्यांनी अर्ज मंजुरीसाठी पुढे पाठवले.