नाल्यातले झिंगे गाव सोडतात

"ताई, निघ न बाहेर! माहा नंबर आहे!" पीयूष काठावरून तिसऱ्यांदा ओरडला.

रोशनीने डोकं आणखी पाण्यात घातलं. श्वास घ्यायला तोंडात पपईचा पोकळ देठ धरला की उत्तरं द्यावी लागत नाहीत, हा त्याचा एकमेव फायदा. बाकी तो कडू लागतो. दिवाळीच्या सुट्टीचा सहावा दिवस, रोहण्याच्या नाल्यात गुडघाभर पाणी आणि तिघांत मिळून पोहण्याचा चष्मा एकच! ती पालथी पडून सहा दिवस तेच बघत होती: मरळ मासोळी आणि तिच्या शेंदरी पिल्लांचा गोळा. खाली आई डोळ्याला डोळा न लावता पहाऱ्यावर. मासोळीला पापण्याच नसतात म्हणा, पण थकवा दिसतोच.

आज मात्र गोळा निम्माच होता. बाकीची पिल्लं उलटी तरंगत होती. आणि झिंगे! ते पाण्यातून निघून काठाकाठाने चालले होते, बिऱ्हाड हलवल्यासारखे.

रोशनी ताडकन उठली. "बाहेर व्हा सगळे!"

"मी तं कधीचा बाहेरच आहो," पीयूष म्हणाला.

त्याच्या शेजारी बसलेल्या आचलने नाक वर केलं. "फवारणीचं औषध!"

वीस पावलं वर, एका दगडाला पांढरा फेस अडकला होता. दगडामागे हेमराजकाकांची वांग्याची वाडी. तिघांनी त्यांचं अंगण गाठलं आणि फवारणीचा पंप नाल्यात धुतला का, ते विचारलं.

"पंप? नाल्यात? मी नाई बा!" काका अंगणातल्या खाटेवरून, डोळे न उघडताच म्हणाले.

"उद्या पुन्हा धुतला तं उरलेली पिल्लंही जातीन," आचल पुटपुटली.

रोशनीने सुस्कारा सोडला. मोठ्यांशी वाद घालायची ताकद सुट्टीत कोणाकडे असते? तिने सरळ घरात जाऊन भागीरथाकाकूंच्या चुलीवर काकांसाठी चहा ठेवला.

"घ्या काका."

काकांनी कप ओठांना लावला.

"नाल्याचं पाणी आहे. त्या दगडाजवळचं."

कप उडाला! "मारता का मले, पोट्टेहो! सकाळीच पंप धुतला न तिथं!"

आपण काय बोललो, ते काकांनाही उशिरा ऐकू आलं.

काकू बाजारात न्यायच्या कोथिंबिरीच्या, म्हणजे गावच्या सांभाराच्या, जुड्या बांधत होत्या. त्यांचे हात थांबले. "अन् खालच्या अंगाले मी सांभार धुतो!"

"चहाले हातपंपाचं पाणी घेतलं होतं, काकू," रोशनीने हळूच सांगितलं.

त्या दिवशी कोथिंबीर उकिरड्यावर गेली. पंपाचं धुवण यापुढे वांग्यावरच फवारायचं, असा काकूंचा हुकूम निघाला.

तिसऱ्या दिवशी काकू स्वतः काठावर आल्या. निवळ पाण्यात शेंदरी गोळा फिरत होता. लहान, पण जिवंत. मरळ पहाऱ्यावरच होती.

काकूंनी रोशनीच्या पाठीवर थाप मारली. "तुह्या काकाच्या तोंडून खरं काढाले मले वीस वर्षांत नाई जमलं. तू एका कपात काढलं, पोरी!"